‘.*.*=.*’ : एका पॅटर्नने २७ मिनिटे अडवलेले जाळे

२ जुलै २०१९. यूटीसी घड्याळात १३:४२, म्हणजे भारतात संध्याकाळचे ७ वाजून १२ मिनिटे. असंख्य संकेतस्थळांची वाहतूक आपल्या सर्व्हरांवरून नेणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या एका अभियंत्याने वेब ॲप्लिकेशन फायरवॉलच्या, म्हणजे घातक वेब विनंत्या गाळणाऱ्या चाळणीच्या, नियमांत एक किरकोळ बदल सोडला. पानात घुसडलेले जावास्क्रिप्ट ओळखून हल्ले अडवण्याचे नियम थोडे धारदार करायचे होते, एवढेच. तीन मिनिटांत, १३:४५ ला, पहिली धोक्याची सूचना वाजली आणि त्यामागोमाग सूचनांची रांग लागली. जगभरातल्या १८०हून अधिक शहरांतल्या सर्व्हरांवर, वेब विनंत्या हाताळणारा प्रत्येक सीपीयू जवळजवळ १०० टक्के व्यापला होता. या कंपनीमार्फत जाणाऱ्या संकेतस्थळांवर लोकांना पानाऐवजी ५०२ ची चूक दिसत होती. सर्वांत वाईट क्षणी वाहतूक सुमारे ८० टक्क्यांनी घसरली.

सुरुवातीला हा नव्या प्रकारचा हल्ला असावा असेच वाटले. तो संशय फिटून फायरवॉलवर बोट ठेवायला १४:०० वाजले. १४:०२ ला फायरवॉल जगभर एकदम बंद करण्याचा प्रस्ताव आला, १४:०७ ला तो अमलात आला आणि १४:०९ ला सीपीयू व वाहतूक दोन्ही पूर्वपदावर आले. मूळ बदल मागे घेऊन, तपासून, १४:५२ ला फायरवॉल पुन्हा सुरू झाली. कंपनीने नंतर सगळा तपशील पॅटर्नसकट जाहीर केला. म्हणूनच रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात काय शोधायचे ते चिन्हांत सांगणारा पॅटर्न) लिहिणाऱ्या कोणालाही हे प्रकरण ओळीओळीने वाचता येते.

दोष नेमका कुठे होता

नव्या नियमातला पॅटर्न लांबलचक होता. त्याची रचना अशी: सुरुवातीला अवतरणचिन्ह, बंद होणारा चौकोनी किंवा महिरपी कंस, उलटी तिरकी रेघ, अंक, ‘ट्रू’, ‘फॉल्स’, ‘नल’ असे काही राखीव शब्द, बॅकटिक, वजा किंवा अधिक यांपैकी काहीही, एक वा अनेक वेळा. मग बंद होणारे गोल कंस, असतील तितके. मग असला तर अर्धविराम. मग मोकळी जागा, वजा, ‘~’, ‘!’, ‘{}’, ‘||’, ‘+’ यांचा कितीही लांब पट्टा. आणि शेवटी हा तुकडा:

.*(?:.*=.*)

यातला कंस फक्त गट पाडतो, काही पकडून ठेवत नाही. तो काढला की उरते ते हे:

.*.*=.*

‘.’ म्हणजे नवी ओळ सोडून कोणतेही अक्षर आणि ‘*’ म्हणजे ते शून्य किंवा कितीही वेळा. म्हणजे सगळ्याचा अर्थ एवढाच की ‘पुढे कुठेतरी बरोबरचे चिन्ह आहे’. अर्थ साधा आहे, उत्तरही बरोबर येते. प्रश्न आहे तो हे उत्तर काढताना इंजिन किती राबते याचा.

क्लाउडफ्लेअरची फायरवॉल लुआ भाषेत होती आणि पॅटर्न चालवायला पीसीआरई हे इंजिन वापरत होती. हे माघार घेणारे इंजिन आहे: एक वाट धरायची, अडले की मागे यायचे, दुसरी वाट धरायची. ‘क=क’ या तीन अक्षरांवर ते काय करते ते पाहू. पहिला ‘.*’ हावरा आहे, म्हणजे जमेल तितके घेतो; तो तिन्ही अक्षरे गिळतो. दुसऱ्या ‘.*’ला काहीच उरत नाही, पण शून्य अक्षरेही त्याला चालतात. आता ‘=’ हवे, पण मजकूर संपलेला. माघार. पहिला एक अक्षर सोडतो, त्याच्याकडे ‘क=’ राहते. सोडलेला ‘क’ दुसरा घेतो. पुन्हा ‘=’ हवे, पुन्हा मजकूर संपलेला. दुसरा ‘क’ सोडतो, पण ‘क’ म्हणजे ‘=’ नव्हे. पहिला आणखी एक सोडतो आणि आता त्याच्याकडे नुसता ‘क’ आहे. दुसरा ‘=क’ घेतो, अडतो, एक सोडतो, पुन्हा अडतो, तेही सोडतो, आणि तेव्हा कुठे ‘=’ला ‘=’ भेटते. तिसरा ‘.*’ उरलेला ‘क’ घेतो आणि काम संपते.

कंपनीच्या तपशिलात या छोट्या जुळणीला २३ पावले मोजली आहेत. बरोबरच्या चिन्हापुढे दोन अक्षरे ठेवली की ३३, तीन ठेवली की ४५ आणि वीस ठेवली की ५५५. हे चारही आकडे न² + ७न + १५ या सूत्रात चोख बसतात (‘न’ म्हणजे ‘=’ नंतरची अक्षरे). म्हणजे शेपूट दुप्पट झाले की काम जवळपास चौपट. त्याच सूत्राने १००० अक्षरांच्या शेपटाला १०,०७,०१५ पावले लागतील. आणि ही सगळी जुळणी यशस्वी होत असतानाची गोष्ट आहे.

जुळणी फसली तर चित्र आणखी बिघडते. पॅटर्नच्या शेवटी अर्धविराम मागितला, ‘.*.*=.*;’, आणि मजकुरात तो नसला, तर ‘क=क’ला २३ ऐवजी ९० पावले लागतात आणि वीस अक्षरांच्या शेपटाला ५,३५३. कारण आता एका जागेवरून सगळ्या वाटा संपल्या तरी इंजिन थांबत नाही. पुढच्या अक्षरापासून तोच खटाटोप पुन्हा करते, मग त्याच्या पुढच्यापासून. दोन ‘.*’ मुळे वर्ग आणि सुरुवातीच्या जागांमुळे आणखी एक गुणक. मोठ्या मजकुरावर ही वाढ घनाच्या चालीने होते.

पॅटर्न वाचताना आधी हेच तपासावे: शेजारी शेजारी असलेल्या दोन अमर्याद पुनरावृत्त्या एकाच अक्षरावर हक्क सांगू शकतात का? सांगू शकत असतील तर तो मजकूर दोघींत किती प्रकारे वाटता येतो तेवढ्या वाटा इंजिन चाचपडणार.

मूळ पॅटर्नमध्ये अशा चार पुनरावृत्त्या होत्या

चर्चा बहुतेक वेळा शेवटच्या दोन ‘.*’ पाशीच थांबते. पण वजाचे चिन्ह घेऊन संपूर्ण पॅटर्न चाला. वजा पहिल्या गटात आहे, तो गट ‘एक वा अनेक’. कंस आणि अर्धविराम ऐच्छिक, ते वगळले जाऊ शकतात. नंतरच्या पट्ट्यातही वजा आहेच. आणि पुढच्या दोन्ही ‘.*’ ना तर काहीही चालते. म्हणजे वजांची सलग रांग आली की चार पुनरावृत्त्या तिच्यावर एकाच वेळी हक्क सांगतात, वर सुरुवात कुठूनही करता येते. अधिक चिन्हाचेही तेच.

हिशेब करून पाहता येतो. १०० वजा आणि कुठेच ‘=’ नाही, अशा मजकुरावर जुळणी फसेपर्यंतच्या वाटा ९,१९,६२,५२० होतात. २०० वजांना त्या २८० कोटींवर जातात. लांबी दुप्पट, काम तिसाहून अधिक पट. पीसीआरईसारखे इंजिन इथे थोडी हुशारी दाखवते: पॅटर्नला ‘=’ लागणारच हे आधी ओळखून, ते पुढे मुळीच नसेल तर सुरुवातीलाच नकार देते. पण वजांच्या रांगेनंतर एखादे अक्षर, मग नवी ओळ आणि त्या ओळीत ‘=’ असले, तर ही सवलत कामाला येत नाही. चिन्ह मजकुरात आहे, पण ‘.’ नवी ओळ ओलांडत नाही म्हणून तिथे पोहोचता येत नाही. अशा सवलतींच्या भरवशावर पॅटर्न लिहू नये.

हल्लेखोराची तरी कुठे गरज आहे? साध्या वापरातही हे घडते. शेवटच्या ‘=’ नंतर जितका लांब मजकूर, तितकी शिक्षा जास्त, आणि अर्जातला शेवटचा रकाना ‘अभिप्राय’ असणे अगदी नेहमीचे. त्यात मराठी मजकूर असेल तर आणखी एक भर. अर्जाच्या विनंतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइटांचा होतो आणि टक्के-चिन्हांच्या संकेतात प्रत्येक बाइट तीन चिन्हांचा. काना-मात्रा हेही स्वतंत्र वर्णच मोजले जातात. म्हणजे ५०० वर्णांचा अभिप्राय ४,५०० चिन्हांचा. मूळ रूपात न उलगडता तो तपासला, तर नऊपट लांबीला एक्याऐंशीपट काम.

पॅटर्न दुरुस्त कसा करावा

पहिला उपाय लोक सुचवतात तो ‘हावरे’ ऐवजी ‘आळशी’, म्हणजे आधी कमीत कमी घेणारे, करण्याचा: ‘.*?.*?=.*?’. यशस्वी जुळणीला हे खरेच मानवते. वर ५५५ पावले लागलेल्या मजकुराला फक्त ११ लागतात, शेपूट कितीही असो. पण शेवटी न सापडणारा अर्धविराम ठेवा आणि हा फायदा नाहीसा होतो. जुळणी फसणार असेल तर सगळ्या वाटा संपवाव्याच लागतात. आळशी चिन्ह फक्त त्यांचा क्रम उलटा करते, त्यांची संख्या तेवढीच राहते. ‘?’ लावून सुटल्याचे समाधान मानणे ही या विषयातली सर्वांत पसरलेली गैरसमजूत आहे.

खरा उपाय म्हणजे वाटणीला जागाच न ठेवणे. दोन ‘.*’ ऐवजी एक, आणि त्यालाही ‘=’ वर हक्क नाही:

[^=]*=

इथे ‘=’ नसलेले सगळे घ्यायचे आणि मग ‘=’. प्रत्येक अक्षराचा धनी एकच, म्हणून वाटही एकच. शेवटचा ‘.*’ काढून टाकला, कारण हवे आहे ते हो किंवा नाही, पुढचा मजकूर कोणाला नको आहे. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. एक, ‘.’ नवी ओळ घेत नाही पण ‘[^=]’ घेतो. अर्थ तोच ठेवायचा तर नव्या ओळीचे चिन्हही चौकोनी कंसातल्या नकारात घालावे. दोन, ‘.*=’ शेवटच्या बरोबर-चिन्हापर्यंत जातो आणि हा पॅटर्न पहिल्यापाशी थांबतो. गट पकडून त्यातला मजकूर पुढे वापरत असाल तर निकाल बदलेल.

जुळणी फसल्यावर ‘[^=]*’ घेतलेले एकेक अक्षर परत करत बसतो, तेही व्यर्थ, कारण परत केलेल्यात ‘=’ असणे शक्यच नाही. पझेसिव्ह चिन्ह लावले की ही माघार बंद होते: ‘[^=]*+=’. पीसीआरई, जावा आणि रुबी यांत ते आहे, पायथनमध्ये ३.११ पासून आले. डॉटनेटमध्ये तेच काम ‘(?>[^=]*)=’ अशा अणुगटाने, म्हणजे एकदा घेतलेले परत न सोडणाऱ्या गटाने, होते. जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही नाहीत, तिथे ‘[^=]’ सारख्या चौकोनी कंसातल्या नकारावरच भागवावे लागते.

मूळ पॅटर्नच्या आधीच्या भागालाही हीच कात्री लागते. कंस, अर्धविराम, चिन्हांचा पट्टा हे सगळे ऐच्छिक आणि लगेच पुढे ‘काहीही चालेल’. मग ते वेगळे लिहून काय साधले? नव्या ओळीपुरता अपवाद सोडला तर काहीच नाही. पहिल्या गटालाही ‘एक वा अनेक’ची गरज नाही, एक पुरतो. हो-नाही एवढ्यापुरता सगळा पॅटर्न ‘सुरुवातीच्या यादीतले एक चिन्ह, पुढे कुठेतरी बरोबर’ इतका लहान होतो. असा आकसून लिहिला की आणखी एक गोष्ट उघडी पडते: हा नियम फार सैल आहे. अवतरणचिन्ह आणि पुढे ‘=’ तर निरुपद्रवी एचटीएमएलमध्ये पावलोपावली सापडेल. लांब पॅटर्न नेमका असल्याचा भास देतो, म्हणून तो आकसून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

एवढे करूनही वर्गाची चाल पूर्ण जात नाही. १०,००० अवतरणचिन्हांची एक ओळ घ्या, ‘=’ नसलेली. प्रत्येक चिन्हापासून नवी सुरुवात आणि प्रत्येक सुरुवात ओळीच्या टोकापर्यंत: सुमारे ५ कोटी तपासण्या. पॅटर्नमध्ये पुनरावृत्ती एकच, तरीही. नेमक्या याच कारणाने २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो ३४ मिनिटे बंद पडले होते. ओळीच्या शेवटची मोकळी जागा छाटणारा साधा पॅटर्न, आणि समोर एका मजकुरात मधोमध सुमारे २०,००० मोकळ्या जागा, ज्यांच्यापुढे ओळ संपत नव्हती. इंजिनाने सुमारे २० कोटी तपासण्या केल्या. तिथे पॅटर्न काढून साधे स्ट्रिंगचे फंक्शन लावले गेले, आणि फायरवॉलच्या नियमालाही मला तोच मार्ग योग्य वाटतो: ओळीतले शेवटचे ‘=’ साध्या शोधाने काढा, नसेल तर तिथेच थांबा, असेल तर त्याच्या आधीच्या भागात यादीतले एखादे चिन्ह आहे का ते पाहा. मजकुरावरून दोन फेऱ्या, बस.

एवढे सगळे असून हा पॅटर्न खऱ्या वाहतुकीपर्यंत पोहोचला कसा

नियम ‘सिम्युलेट’ मोडमध्ये सोडला होता. त्या मोडमध्ये नियम खऱ्या वाहतुकीवर चालतो पण काही अडवत नाही, फक्त नोंद करतो. चुकून भल्या विनंत्या पकडल्या जातात का, हे त्यातून कळते. पण नोंद करायलाही पॅटर्न चालवावाच लागतो. निर्णय निरुपद्रवी होता, त्यासाठीचे काम नव्हते.

चाचण्या होत्या आणि त्या पारही पडल्या. त्या विचारत होत्या की हल्ला ओळखला का, भली विनंती सोडली का. सीपीयू किती लागला, हे विचारणारी चाचणी नव्हती. पॅटर्नने अमर्याद सीपीयू खाऊ नये म्हणून पूर्वी एक संरक्षण होते. फायरवॉलचा सीपीयू वापर कमी करण्यासाठी काही आठवड्यांपूर्वी झालेल्या फेररचनेत तेच चुकून निघून गेले होते. संरक्षणाला स्वतःची चाचणी नसली की असे होते. एक मुद्दाम वाईट पॅटर्न चाचणीत ठेवून ‘हा तोडला गेलाच पाहिजे’ असे तपासले असते, तर त्या फेररचनेच्याच दिवशी लाल दिवा लागला असता.

त्यावर वेगाचा मुद्दा. कंपनीचे इतर सॉफ्टवेअर आधी कर्मचाऱ्यांच्या वाहतुकीवर, मग थोड्या ग्राहकांवर, असे टप्प्याटप्प्याने जात असे. फायरवॉलचे नियम मात्र क्विकसिल्व्हर या अंतर्गत साठ्यातून काही सेकंदांत जगभर पोहोचत, कारण नवी सुरक्षा-त्रुटी उघड झाल्यावर तासांची नाही, मिनिटांची शर्यत असते. आधीच्या ६० दिवसांत नियमांचे ४७६ बदल हाताळले गेले होते. तातडीसाठी असलेली ही वाट बिनतातडीच्या बदलालाही खुली होती.

थांबवतानाही अडचण आली. कंपनीच्या अंतर्गत सेवा तिच्याच जाळ्यामागे होत्या, आणि जाळेच बंद. वळसा घालून आत शिरण्याची पद्धत होती, पण तिचा सराव नव्हता. नियंत्रण पॅनेल क्वचित वापरणाऱ्या काही जणांचा प्रवेश सुरक्षेसाठी मुदत संपून बंद झालेला. बदल मागे घ्यायचा तर फायरवॉलची पूर्ण बांधणी दोनदा करावी लागे. फायरवॉल सरसकट मारणारे बटण होते म्हणून २७ मिनिटांत सुटका झाली.

नंतरची दुरुस्ती, आणि तुमच्या भाषेत काय आहे

काढलेले संरक्षण परत बसवले. फायरवॉलचे सर्व ३,८६८ नियम माणसांनी नजरेखालून घातले. चाचणीत वेळेची मोजणी आली, नियम टप्प्याटप्प्याने सोडण्याचे ठरले, आणि इंजिन बदलून आरई२ किंवा रस्टचे रेजेक्स इंजिन घेण्याचे जाहीर झाले. ही दोन्ही इंजिने माघार घेत नाहीत. सगळ्या शक्य वाटा एकत्र घेऊन मजकुरावरून एकदाच पुढे सरकतात, त्यामुळे पॅटर्न ठरलेला असेल तर जुळतो की नाही हे सांगायला लागणारा वेळ लांबीच्या सरळ प्रमाणात राहतो. तंत्र जुने आहे, संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्येच ते मांडले. किंमत अशी की मागचा पकडलेला गट पुन्हा मागता येत नाही आणि पुढे-मागे डोकावणारी चिन्हे चालत नाहीत. अशी चिन्हे असलेले नियम वेगळे काढून हाताने लिहावे लागतात.

आपला पॅटर्न कुठे बसतो हे मोजायला फार साधने लागत नाहीत. ‘जवळजवळ जुळेल पण शेवटी फसेल’ असा मजकूर घ्या. १,०००, २,००० आणि ४,००० अक्षरांवर वेळ मोजा. दर दुपटीला वेळ दुप्पट होत असेल तर ठीक. चौपट म्हणजे वर्ग, आठपट म्हणजे घन, आणि तीसच अक्षरांवर यंत्र अडकले तर घातांकी वाढ, जी बहुधा ‘(क+)+’ सारख्या पुनरावृत्तीतल्या पुनरावृत्तीने येते. हे तीन आकडे चाचणीच्या संचात कायमचे ठेवा, आणि जुळणाऱ्या मजकुरापेक्षा फसणाऱ्या मजकुरावर भर द्या.

गो आणि रस्ट यांची नेहमीची इंजिने मुळातच सरळ प्रमाणातली आहेत. डॉटनेटमध्ये जुळणीला वेळमर्यादा देता येते आणि आवृत्ती ७ पासून माघार न घेणारा मोडही आहे. रुबीत ३.२ पासून वेळमर्यादा आली. पीएचपीत माघारीची मर्यादा मुळात १०,००,००० आहे. ती ओलांडली की जुळणीचे फंक्शन शून्याऐवजी ‘फॉल्स’ परत देते. दुहेरी बरोबरच्या, ‘==’ च्या, सैल तुलनेत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून ‘जुळले नाही’ आणि ‘तपासताच आले नाही’ यांत फरक करायला तिहेरी बरोबर, ‘===’, वापरावे. सुरक्षेच्या नियमात हा फरक चुकला तर हल्ला सरळ आत येतो. जावाच्या मानक इंजिनात वेळमर्यादा नाही. पायथनच्या मूळ मॉड्यूलमध्येही नाही, आणि जुळणी चालू असताना ते इंटरप्रिटरचे कुलूप (एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणारे) धरून बसते, त्यामुळे दुसऱ्या थ्रेडमधून घड्याळ लावून ती सोडवता येत नाही. तिथे बाहेरचा पॅटर्न किंवा बाहेरचा लांब मजकूर चालवायचाच असेल तर आधी लांबीवर मर्यादा घालावी आणि जुळणी वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवावी, जी वेळ संपल्यावर मारता येईल.